केबिनमधून घरी आलेलं खोकं

आंबिवली
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
कार्तिक शुद्ध चतुर्दशी

समीक्षाचे बाबा यांस शालनचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तुम्ही पाठवलेलं, म्हणजे तुम्ही टाकून द्यायला सांगितलेलं आणि साईनाथने आणून दिलेलं खोकं काल संध्याकाळी पोचलं. आत काय काय निघालं ते लिहिते, नंतर वाद नको.

पितळी गणपती, चार बोटं उंच, खालच्या लाकडी पाटीसकट ३८० रुपये. घंटा, ६० रुपये. लाल मखमलीची झालर, कापड ११० रुपये, शिलाई माझी घरची. उदबत्तीचं घर २५ रुपये, त्यात अर्धी जळलेली उदबत्ती तशीच. समीक्षाचा पाचवीतला फोटो, काच तडकलेली. जुना प्लेअर १,१५० रुपये, वायरी कापलेल्या, आणि त्यात अजून खोचलेला पेनड्राइव्ह, २५० रुपये. किमती माझ्या वहीत आहेत. तुम्हाला आठवत नसतील.

साईनाथ वागळे इस्टेटमधलं दुकान बंद करून घरी खडवलीला निघाला होता, मध्येच आपल्याकडे उतरला. आत येईना. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, दादा बोललेले, जुनं सगळं काढून फेक. बाकीचं ठीक आहे ओ, पण देव कचऱ्यात टाकायला हात उचलला नाय. दिवाळीपासून दुकानातच ठेवलेलं. दोन पोरांचा बाप आहे मी." आणि खोकं त्याने माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला नाही. तिथे टेबलावर ठेव म्हटलं. त्याला वाटलं असेल, बाई रागावली आहे. आठ वाजता समीक्षा क्लासहून आली तोवर देव खोक्यातच होता. तिने हातपाय धुऊन बाहेर काढला, चिंचेने घासला, देव्हाऱ्यात ठेवला. मी लांबून सांगत होते.

तुम्ही "देव फेक" असं म्हणाला नसाल. "जुनं सगळं" म्हणाला असाल. पण जुन्यात काय काय होतं ते तुम्हाला माहीत होतं.

चहा टाकला म्हणून मग तो आत बसला. मोबाइलवर तुमच्या ट्रकच्या केबिनचे फोटो दाखवले. मन लावून काम केलंय त्याने, खोटं का बोलू. चोवीस इंची टीव्ही, बरोबर देवाची पाटी होती तिथे. दोन्ही दारांत मिळून चार स्पीकर, झोपायच्या फळीखाली तो मोठा धडधडणारा डबा, छताला निळे दिवे. गाडीची बॅटरी चोवीस व्होल्टची म्हणून एक वेगळी पेटी बसवावी लागली, तेही त्याने समजावलं. साडेचोवीस हजार झाले म्हणाला. मी वहीत लिहिले आणि पान उलटलं.

टीव्हीचा मला राग नाही. हे नीट वाचा, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला पैसे दिसतात. दसऱ्याला गाडीचा शेवटचा हप्ता गेला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्या गाड्या चालवल्यात तुम्ही. कंपनीच्या गेटवर माल उतरेपर्यंत दोन दोन दिवस ताटकळता, सावली नाही, पंखा नाही. माणसाने काय करावं? काहीतरी बघावं, ऐकावं. मीच एकदा म्हटलं होतं, एखादा छोटा टीव्ही घ्या. फक्त चार बोटं जागा देवाला उरली नाही का, एवढंच विचारते.

रविवारी तुळशीचं लग्न झालं. ऊस वीस रुपयांना एक, तोही वाळका. शेजारच्या सुमतीवहिनींनी अक्षता टाकल्या, मंगलाष्टकं समीक्षाने म्हटली. मी खिडकीतून बघितलं. लग्न लागल्यावर समीक्षा आत आली आणि म्हणाली, "आई, तू बाबांना सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"येतो म्हणाले."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी खोटं बोलले. तुमच्यासाठी. वहीत याचा खर्च कुठे लिहू?

आता पाडव्याचं लिहिते. फोनवर हे कधी बोलणार नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

पाडव्याला तुम्ही कल्याणच्या बायपासला पार्किंगमध्ये होतात. सहाला घरी येतो म्हणालात. त्याआधी दोन दिवस मला बरं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा डोक्यावरून न्हाऊन मी स्वतःच्या हाताने देवाची उपकरणी घासली. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. ताटात सुपारी, अंगठी, निरांजन. तुमच्या आवडीच्या सुक्या खोबऱ्याच्या करंज्या. आणि साडेचारला पुन्हा सुरू झालं. ताट शिवायची सोय राहिली नाही. समीक्षाला म्हटलं, उचल. ती उचलून ठेवायला गेली आणि मी तुम्हाला फोन लावला.

मी काय बोलले ते शब्द न् शब्द मला आठवतं. "अहो, आज ओवाळता यायचं नाही. परत सुरू झालंय मला. थांबतच नाही हो, पाच महिने झाले. मला भीती वाटते."

बोलता बोलता माझाच आवाज मला लांबून परत ऐकू येत होता, मोठा होऊन, जत्रेतल्या कर्ण्यावर यावा तसा. मला वाटलं रेंज नसेल. मग कोणीतरी हसलं. एकटा नव्हे, तीन-चार जण. एक म्हणाला, "उस्ताद, काय थांबत नाय? ब्रेक मारा ना!" पुन्हा हशा. आणि मग तुमचा आवाज. तो ओळखायला मला रेंज लागत नाही.

"राँग नंबर आहे यार."

फोन कट.

सहा वाजले, सात वाजले. पाट मी रात्री उचलला. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला तुमचा फोन आला, इंदूरचा माल भरतोय, पैसे टाकलेत, समीक्षाला फी भरायला सांग. बाकी काही नाही. मीही हो म्हटलं.

त्यानंतर बारा दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. फोन दुसऱ्या कोणी उचलला असेल. दुसऱ्याच कोणाला म्हणाला असाल. मला नीट ऐकू आलं नसेल. देवासमोर बसता येत नव्हतं, म्हणून ओट्याशी उभी राहून त्याला सांगायचे, की माझंच ऐकण्यात चुकलं असू दे.

काल साईनाथने चहाची बशी तोंडाला लावत हौसेने सांगितलं, "फोन पण जोडलाय वहिनी! आता दादांना फोन आला ना, की सगळ्या स्पीकरवर. हात लावायला नको. टीव्ही चालू असला तरी तो गप होतो न् फोनवाला बोलतो. पाडव्याला पार्किंगमध्ये उद्घाटन झालं, बाकीचे ड्रायव्हर जाम खूश."

मी विचारलं, "आणि कोणाला ऐकू जायला नको असेल तर?"

"बटण आहे की. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला. दाबलं की आवाज फक्त मोबाइलमधून. दादांना मी पहिल्याच दिवशी दाखवलंय, दोनदा."

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. वर आणि, "करंजी मस्त झालीय" म्हणाला. तुमच्या वाटणीची होती, डब्यात राहिलेली, जरा वास धरलेली. दुसरी दिली.

पेनड्राइव्ह समीक्षाने लावून बघितला. चालतो अजून. अकरा मिनिटं माझा नामजप, मध्ये कुकरची एक शिट्टी, आणि शेवटी लहान समीक्षा विचारते, "झालं का आई, बंद करू?" सात वर्षं तुम्ही गाडीला चावी लावली की आधी हे लागायचं, मग गिअर. घाटात धुकं असलं की दोनदा लावतो, असं तुम्हीच सांगायचात. तोच आवाज पाडव्याला त्याच केबिनमध्ये आला होता. त्याच जागेतून. लाज वाटली तुम्हाला, हे मला कळतं. चारचौघांत बायकोचं असलं बोलणं उघडं पडलं, कोणत्याही पुरुषाला वाटेल. पण बोट दोन विती हलवायचं होतं. तुम्ही बटण सोडलंत आणि मला दाबलंत.

वर सर्व ठीक आहे असं लिहिलं, ते सवयीने. ठीक नाही.

कल्याणच्या बाईडॉक्टरांकडे मी तीनदा जाऊन आले. पिशवीतला तुकडा तपासायला पाठवला होता. शुक्रवारी रिपोर्ट आला. चांगला नाही. पिशवी काढायला हवी, आणि आणखी कुठवर पसरलंय ते काढल्यावरच कळेल, असं त्या म्हणाल्या. मी तो शब्द लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. समीक्षाला फक्त ऑपरेशन एवढंच माहीत आहे. सोमवार, १७ तारीख ठरली आहे, रविवारी दुपारी दाखल व्हायचं. पैशाची काळजी करू नका, मी ते वेगळे ठेवलेत. तुमच्याकडे मागत नाही.

सुशांत परवा डोंबिवलीहून येऊन गेला. माझा भाऊ आहे, तोंडावरूनच ओळखलं त्याने. "ताई, भावोजी येतायत ना? नसतील तर सही मी करतो, त्यात काय." मी म्हटलं, थांब थोडा. सही भावाची चालते, हे मी काउंटरवर विचारून घेतलं आहे. म्हणजे तुमच्यावाचून अडत नाही. अडत नाही म्हणूनच विचारते आहे.

काउंटरवरच्या मुलीने माझा फॉर्म भरायला घेतला. वय, पत्ता, नवऱ्याचं नाव. नाव मी सांगितलं, उत्तम. मग म्हणाली, "काकू, मिस्टरांचा नंबर बोला. ऑपरेशन चालू असताना काही लागलं तर आम्ही त्याच नंबरवर फोन करतो." तुमचा नंबर मला झोपेतही पाठ आहे. पण तोंडातून येईना. मी टेबलावर असणार, बेशुद्ध. ती मुलगी फोन लावणार. तुम्ही बायपासला असाल, टीव्ही चालू असेल, माणसं बसलेली असतील. त्या चार स्पीकरवर माझं नाव येईल आणि तुम्ही तिला काय सांगाल? मी म्हटलं, ती जागा सोड, नंतर भरते.

हे पत्र ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तुमच्या नावाने पाठवते आहे. हुबळीहून तुम्ही दहा तारखेला परत येणार, असं तिथल्या अमृताने सांगितलं. पाकीट चिकटवलेलं आहे, ते तसंच आहे ना बघून घ्या. केबिनमध्ये एकट्याने वाचा. हे फक्त तुम्हालाच ऐकू येईल असं आहे.

सोबत पत्ता लिहिलेलं कोरं आंतरदेशीय पत्र ठेवलं आहे, अडीच रुपयांचं. फार लिहू नका. माफी नको, कारणं नकोत. येणार असाल आणि तो फोन नीट घेणार असाल, तर त्यावर फक्त तुमचा नंबर स्वतःच्या हाताने लिहा. मी तो जसाच्या तसा फॉर्मवर उतरवीन. पंधरा तारखेपर्यंत पत्र आलं नाही, तर त्या जागी सुशांतचा नंबर जाईल, आणि नातं विचारतात तिथे भाऊ.

फोन करू नका. उलट टपाली कळवा.

सौ. शालन
(माझा नंबर तोच आहे.)