खंडेनवमीला उठवलेले बारा प्रोसेसर

वराळे, बुधवार

ती. विठाआक्कास,
धाकट्या बजरंगचा वाकून नमस्कार.

पोरीचं काम न कळणाऱ्या तमाम वडीलधाऱ्यांनो! (म्हणजे तू आणि मी. तिसरं कुणी नाही, पण सवय.) आपल्या दोघांचं एकच गाऱ्हाणं आहे. तुझी स्नेहल कंपनीत नेमकं काय करते ते ती दर रविवारी समजावते आणि दर रविवारी आपण भजी खाऊन विसरतो. यंदा मला ते कळलं, आक्का. निम्मं कळलं, आणि तिथंच घात झाला.

तुझे गुडघे कसे आहेत? लोणावळ्याच्या ओल्या हवेत तेल लावल्याशिवाय बाहेर पडू नकोस. मी ठणठणीत आहे. आवाज तेवढा बसलाय, म्हणून फोनऐवजी पत्र.

तर खंडेनवमी. नवलाख उंबऱ्याच्या आमच्या मिठाईच्या खोक्यांच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद, झेंडूचे हार, आणि घरच्यांना आत येऊन बघायची मुभा. सर्व्हरच्या काळ्या कपाटाला तू फ्रिज समजून कुंकू लावलंस (राग मानू नकोस, पहिल्या वर्षी मी त्यातलं थंड पाणी मागितलं होतं). तेवढ्यात मी स्नेहलला पडद्यावरचे आकडे विचारले. कपाटात चोवीस प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी चोवीस डोकी. बारा कामावर, बारा नुसते बसून. म्हटलं, बसून का? "मामा, ते राखीव आहेत. काम वाढलं की परवाना टाकून उठवायचे. परवाना दहाच दिवसांचा आहे, दिवाळीच्या ऑर्डरींसाठी ठेवलाय. एकदा सुरू केला की थांबत नाही. हात लावू नका हं."

'बसून' या शब्दापुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढं गेटवरचे बदली कामगार उभे राहिले. डबा घेऊन यायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. तीस वर्षं युनियनच्या सभांत मी त्याविरुद्ध बोललो, चार देशांच्या कामगार चळवळी वाचून काढल्या, आणि माझ्याच भाचीच्या कपाटात बारा जण ताटकळत! मी बोलायला लागलो. तू म्हणालीस, "बजा, गप की रं, नारळ फोडायचा हाय." मी गप बसलो नाही. स्नेहल उदबत्ती बाहेर ठेवायला गेली (धुरानं तिथं भोंगा वाजतो). मॅनेजर अनघा मॅडमना रीत दाखवायची म्हणून परवाना तिनं आधीच पडद्यावर मांडून ठेवला होता. खाली प्रश्न होता, आपली खात्री आहे का? आक्का, इतक्या अदबीनं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी 'होय' दाबलं. दारातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या (त्यांना वाटलं आरती संपली).

बारा जण कामावर रुजू झाले आणि त्यांना काम शून्य. दहा दिवस नुसते जागे बसले. अकराव्या दिवशी परवाना संपला, बाराव्या दिवशी ऑर्डरी कोसळल्या, जुन्या बारांनी मान टाकली. खोके तयार, पण माल बाहेर सोडायचं चलनच संगणकातून निघेना. ट्रक वराळ्यापर्यंत उभे.

नोंद स्नेहलच्या नावावर. तिला याच महिन्यात कायम करायचं होतं, आता शनिवारी तिचीच चौकशी. ती म्हणते, "खुर्ची माझी, चूक माझी." माझ्यावर चिडत नाही, उलट डब्यातली मेथी माझ्या ताटात वाढते. मला तेच सोसत नाही. बारा लोखंडी टाळक्यांना कामावर घेतलं आणि आपल्या पोरीला बाहेर काढायची वेळ आणली.

मी मॅडमकडं गेलो, गुन्हा कबूल केला. त्या हसल्या. "बजरंगभाऊ, तुम्ही आजवर सतरा जणांच्या चुका अंगावर घेतल्यात. ही तर सख्खी भाची." खरं आहे. सतरा वेळा खोटं बोललो, तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. अठराव्यांदा खरं बोललो तर चहा पाजून परत पाठवलं.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
बजा

ता.क. गुडघ्याला जप म्हणालो ते शनिवारपुरतं विसर.

ता.क. दुसरा. आरतीचं ताट धरून तू माझ्या शेजारी उभी होतीस. तेव्हा शनिवारी सकाळी साडेनऊला कंपनीच्या गेटवर ये आणि मॅडमना सांग, "बटन माज्या भावानं दाबलं, मी बगत हुते." भावाला सांभाळून घेऊ नकोस. लहानपणी आईकडं माझ्या चहाड्या सांगायचीस, तश्शी सांग.