आई, तुझा गिझर आज काढला

प्रिय आई,

आज तुझा गिझर काढला. इकडून तिकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. रागावणार असशील तर आधी सगळं ऐकून घे. मला वाटतं, रागावणार नाहीस.

तो घरी आला तो दिवस आठवतो तुला? घाटकोपरची आपली चाळ पाडून बिल्डिंग झाली होती. माझं लग्न व्हायचं होतं. नव्या घरात टीव्ही आधी की कपाट आधी, यावर बाबांचा आणि धाकट्या दिनेशचा वाद चालला होता, आणि तू सरळ दुकानात जाऊन गिझर घेऊन आलीस. तोही मोठ्या टाकीचा. बाबा म्हणाले, "चार माणसांना एवढा कशाला?" तू म्हणालीस, "चार माणसांसाठी कोण घेता? माझ्या बाळंतिणींसाठी घेतलंय."

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हापासून तू घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालत होतीस. मामांना ते खटकायचं. बहीण परक्यांची पोरं धुते म्हणायचे. मग त्यांच्याच नातवाला न्हाऊ घालायला तुला बोलावणं आलं आणि मामा गप्प झाले. तू त्यांना एका शब्दानेही टोचलं नाहीस. मी टोचलं असतं.

नव्या घरात आल्यावर तू उलटंच सुरू केलंस. मागच्या डोंगरावरच्या वस्तीत ज्या बायकांच्या खोलीत पाय पसरून बसायलाही जागा नव्हती, त्यांना तू आपल्या घरी बोलवायला लागलीस. सकाळी बाथरूममधून वाफ यायची, ओव्याच्या धुरीचा वास घरभर असायचा, आणि मी ऑफिसला निघताना हॉलमध्ये कुणाचं तरी बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलेलं असायचं. कुणाचं, ते मी विचारायचेसुद्धा नाही.

तू पाटावर पाय लांब करून बसायचीस. बाळ नडग्यांवर पालथं. पाणी अंगावर घालण्याआधी त्यात कोपर बुडवायचीस. "हाताक सवय झालेली असता. कोपराक खरा कळता." कितीदा ऐकलं मी हे. पण मला तू कधी शिकवलं नाहीस. का गं? "तू ऑफिसची बाई," म्हणून टाळायचीस. दिनेशच्या बायकोला, रूपालीला मात्र शिकवलंस, तेही आम्हाला कुणाला न सांगता. याचा मला अजून थोडा राग आहे.

तू गेलीस तेव्हा आम्ही समजलो, हे काम तुझ्याबरोबर संपलं. तुझे दिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत वस्तीतली शबाना दारात उभी राहिली, कुशीत तान्हं बाळ. तिला तू गेल्याचं माहीतच नव्हतं. "आजी है क्या?" म्हणाली. रूपालीने सांगितलं, "आजी नाहीत आता. तू आत ये." दिनेशने त्या दिवशी मला मुलुंडला, सासरी फोन केला. म्हणाला, "ताई, रूपाली पाटावर बसली. डिट्टो आईसारखी बसली गं." 

तेव्हापासून रूपालीने तुझं काम धरलंय. आता बायका तिलाही नावाने विचारत येतात.

थंडी सुरू झाली आणि गिझर कुरकुरायला लागला. आधी पाणी कोमटच येई. दिनेशने कॉइल बदलून घेतली. मग गंजाचं लालसर पाणी यायला लागलं. मग मेन स्विच मधेच पडायला लागला. दिनेश तो परत वर करायचा आणि म्हणायचा, "जुनं मशीन आहे, चालायचंच."

एका सकाळी शबानाची धाकटी जाऊ बाळ घेऊन आली होती. बादलीत गरम पाण्याचा नळ सुरू होता. रूपालीने पाण्यात कोपर घातलं आणि खांद्यापर्यंत झिणझिणी गेली. करंट. तिने हात ओढून घेतला आणि आतूनच सांगितलं, "बाळाला इकडे आणू नका." बाळ तेव्हा हॉलमध्ये त्याच्या आईच्या मांडीवर होतं, आई. तेवढंच अंतर.

मेन स्विच बंद करून रूपालीने गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं आणि बाळाला नीट न्हाऊ घालून, टाळू भरून घरी पाठवलं. मग मला फोन केला. "ताई, रविवारी याल का? गिझरचं काय ते ठरवायचंय."

रविवारी मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडलं. "कॉइल, थर्मोस्टॅट बदलून देतो," म्हणाला. "पण टाकी आतून सडलीय. पाणी गळून वायरिंगपर्यंत गेलंय. पॅच मारता येईल, किती टिकेल ते नाही सांगू शकत. तुम्ही ठरवा आणि कळवा." एवढं सांगून तो गेला.

"पॅच मारूया," दिनेश म्हणाला. "आईची वस्तू आहे ती."

खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. टाकीवर तू लावलेल्या हळदकुंकवाची बोटं अजून पुसट दिसत होती.

रूपाली दुपट्यांच्या घड्या घालत होती. "आईंची आहे, मान्य," ती म्हणाली. "पण त्या पाण्यात मी दुसऱ्याचं बाळ धरते. मला करंट लागला तर मी हात काढून घेईन. बाळ काय करेल?"

"मग कुणाला घरी बोलावूच नको ना," दिनेश म्हणाला. " आई गेली, आता पुरे झालं. आपल्यापुरतं पाणी तापलं की बस."

मला वाटलं, आता रूपाली रडेल किंवा भांडेल. तिने घडी पुरी केली. "मी बंद करणार नाही," ती म्हणाली. "आईंनी माझा हात धरून शिकवलं, ते गिझर सांभाळायला नाही."

आई, तू समोर असतीस तर काय केलं असतंस? मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या आईने हिला घडवलं, असं मला कुणालातरी सांगावंसं वाटत होतं, आणि खोलीत तर आम्ही तिघंच.

मी दिनेशला म्हटलं, "चाळ सोडताना तांब्याचा बंब आठवतो तुला? आजीची आठवण, शोकेसमध्ये ठेवूया, असं बाबा म्हणत होते. आईने काय केलं?" त्याला आठवत होतं. तो बंब तू भांडीवाल्याला दिलास आणि बाळांसाठी मोठं घंगाळ आणलंस. बाबा रुसले तेव्हा म्हणालीस, "वस्तू कामाक येवक व्हयी. पूजेक देव आसत."

दिनेश उठला. बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याचा चहा आतच गार झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. आधी इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंग तपासून घेतलं. ते धड नव्हतंच. नवी वायर ओढून घेतली, करंट उतरला तर आपोआप बंद होणारा स्विच बसवून घेतला. मग रूपालीला घेऊन दुकानात गेला. तिथे त्याने म्हणे इतके प्रश्न विचारले, की दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, घरात तान्हं बाळ आहे का?"

दिनेश म्हणाला, "रोज एक नवीन असतं."

हे मला रूपालीने सांगितलं. सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

आज सकाळी जुना उतरवला, नवा बसवला. मीही सुट्टी घेऊन आले होते. दुपारी शबानाची जाऊ बाळ घेऊन आली. रूपालीच्या आधी दिनेशनेच शर्टाची बाही वर केली आणि बादलीत कोपर बुडवलं. बराच वेळ तसाच वाकून राहिला. "ठीक आहे," म्हणाला आणि बाहेर आला. मग आत बाळाने आधी घर डोक्यावर घेतलं. पाठीवर ऊन पाण्याची धार पडली तसं हळूहळू गप्प झालं. त्याची आई दाराला टेकून बघत होती आणि माझा भाऊ तिच्यासाठी चहा टाकत होता. तुझा मुलगा, आई. परवा पुरे झालं म्हणणारा.

आता तुला एक वचन देते. रूपालीला हे सगळं एकटीला ओढावं लागणार नाही. दर शनिवारी मी मुलुंडहून येणार, पाणी काढून देणार, दुपटी धुणार, ती दाखवील तसं शिकणार. सासरी कुणी विचारलं, दर आठवड्याला माहेरी कशाला जातेस, तर सांगीन, रूपालीच्या हाताखाली कामाला जाते.

तुझी,
मंजू