दादाच्या पेशींतले हिरवे-लाल ठिपके

१४ नोव्हें., ढोकी

सुट्टीला घरी. लॅपटॉपवर दादाच्या स्नायूचे फोटो. पायातला कणभर तुकडा त्यानं माझ्याच पुण्याच्या लॅबला दिलाय. आजार कळलेला : मूठ मिटते, लवकर सुटत नाही. आनुवंशिक.

पेशी जनुकाची आरएनए-नक्कल कापून जोडते. आम्ही रंग लावून बघतो : जोड बरोबर, तर हिरवा ठिपका. चुकला, तर लाल. वाटलं होतं सगळं लालच दिसणार. पण एक पेशी लाल अन् तिला चिकटलेली जवळजवळ हिरवी. माणूस एकच, तुकडा एकच. कसं?

१५ नोव्हें.

वहिनींनी मागून बघितलं. "ताई, हिरवं म्हंजे चांगलं ना? मग हे तर लई हाय की!"

"तसं नाही, वहिनी…" तसं नाही, मग कसं? दादा जेवता जेवता थांबला. स्क्रीनवरचं हिरवं बघत राहिला.

१७ नोव्हें.

दादा ट्रॅक्टर घेऊन उसाच्या फडावर गेला. मुठीमुळं उन्हाळ्यापासून चालवणं बंद केलं होतं. अडवायचं होतं. कशाच्या जोरावर?

लॅबच्या सरांना फोन. म्हणाले, "त्या हिरव्या पेशी स्नायूच्याच आहेत का? तुकड्यात बाकीच्याही येतात." दुपारभर तपासलं. काही बाकीच्या निघाल्या, काही स्नायूच्याच. परत तिथंच.

१८ नोव्हें.

आजही फडावर गेलेला दादा संध्याकाळी पायी घरी. वळणावर स्टिअरिंगवरची मूठ सुटेना, ट्रॉली पाण्याच्या चारीत कलंडली. कुणाला लागलं नाही.

वहिनी रडल्या. मग माझ्याकडं बघून, "तुमच्या हिरव्यावर भरवसा ठेवला त्यांनी."

मी जेवले नाही.

२० नोव्हें.

दादा ओसरीवर. "खरं सांग. तुला ह्यातलं कळतंय का?"

"निम्मंसुद्धा नाही."

"मग बरं. मला वाटलं, कळतंय अन् लपवायलीस." ट्रॅक्टरची किल्ली चुलतभावाला देऊन आला. वर म्हणाला, "अजून तुकडा लागला तर म्या देतो."

हे ऐकून जास्तच गोंधळले. रागवला असता तर…

२१ नोव्हें.

बॅग भरताना वहिनी हळूच, "ताई, तुमचं रक्त तपासलं का?"

नाही. इतकी वर्षं ठिपके बघतेय, नाही.

सरांचा नंबर काढून बसलेय. विद्यार्थिनी म्हणून विचारू, की पेशंट म्हणून, तेच ठरेना.