नूलाकाकूचं नाव

खाणीची वस्ती, पश्चिम ऑस्ट्रेलिया
४ मे

ती. ग्रॉन्याताईस टाइगचा सा. न. वि. वि.

बाबांच्या पत्राने झोप उडाली. तू गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिलीस ते ठीक, दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची तुला पहिल्यापासून हौस. पण सुदानच्या लढाईतून पळून आलेली कुटुंबं सिस्टरांच्या बंद पडलेल्या मठात, त्या कॉन्व्हेंटात ठेवा, असं भर सभेत कशाला बोललीस? मतं मागायला गेलीस तर गल्लीतल्या हॅनलींनी कुत्रा सोडला म्हणे. गाझासाठी चर्चपाशी मेणबत्त्या लावतात तेच ना हे? इथे आम्हालाही ऐकवतात, आयर्लंडवाले आले नि पगार पाडले. मी हसून सोडतो. पण त्या कॉन्व्हेंटची राखण आपले बाबा करतात, आणि निर्वासितांना द्यायच्या इमारती तिकडे जाळतात हे मीही ऐकतो. माघार घे.

फादर घरोघरी येऊन प्रार्थना करतात, त्या मिस्साची पाळी या महिन्यात आपल्याकडे ना? गल्लीतलं कुणी फिरकलंच नाही तर आई खचेल.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा टाइग


कार्नबेग, आयर्लंड
२७ मे

चि. टाइग यास अनेक आशीर्वाद.

मिस्साला सगळे आले रे, हॅनलीसुद्धा! हॅम खाल्लं, आईच्या पावाची तारीफ केली, तुझ्या लग्नाचं विचारलं. कॉन्व्हेंटचं अवाक्षर नाही. मला वाटलं, जिंकले. मग कप विसळताना शेजारची नूलाकाकू कानाशी लागली, की शुक्रवारी बाबांना कामावर धाडू नकोस गं बाई, सर्दी झाली म्हणून सांग. कोण येणार आहे विचारलं, तर म्हणे मी कुठं काय बोलले?

बाबांना सांगितलं असतं तर काठी घेऊन मुद्दाम तिथेच बसले असते. पक्षाचा माणूस म्हणाला की मोजणीपर्यंत गप्प बस, या लोकांची मतपत्रिकेवरची दुसरी-तिसरी पसंती तुझ्या नावापुढे पडली तरच तू तरशील. मी पोलिसांत गेले. कुणी सांगितलं विचारलं, तेव्हा काकूचं नाव दिलं. कुणाला तरी चौकशीला नेलं, कोण ते सांगत नाहीत. शुक्रवारी काही जळलं नाही. म्हणून गाव म्हणतं, काही होणारच नव्हतं, ग्रॉन्याने शेजारणीची चुगली केली. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे चोराला माफी असते, खबऱ्याच्या नातवंडांनाही नसते. मोजणीत पडले. दुकानदारीण पाव हातात देत नाही, फळीवर ठेवते.

जिवाला जप, इकडची माया विसरू नकोस.

ग्रॉन्या


खाणीची वस्ती
११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पडलीस याचं मला वाईट वाटत नाही. बाबा सुखरूप आहेत, बास.

नूलाकाकूचा थोरला मुलगा एमन इथे माझ्याच खोलीत राहतो, तुला माहीतच आहे. काल त्याला आईचं पत्र आलं. वाचून त्याने ते चुरगळलं. मग म्हणाला, नेलं ते आमच्या धाकट्या लोर्कनला. गोठ्यात पेट्रोल सापडलं. तो म्हणतो, गवत कापायच्या यंत्राचं. आईला तुझा बाप वाचवायचा होता आणि आपला पोरगाही, तुझ्या बहिणीला एवढं कळू नये? त्याने पांघरूण गुंडाळलं नि तो दुसऱ्या खोलीत निघाला. दारात थांबून सांगितलं की लोर्कन जामिनावर सुटलाय, जेवत नाही, दिवसभर तुमच्या घराकडे बघत उभा असतो. हे त्याने मायेनं सांगितलं की धमकावलं, मला अजून उमगत नाही.

उलट टपाली चार ओळी लिही. लोभ आहे तसाच राहो.

तुझा टाइग

ता. क. आपलं मागचं दार कधी लावलेलं मला आठवत नाही. आता लावत जा. त्या दाराला किल्ली तरी आहे का गं?