बाईक स्लिप झाली

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. आज तुला लिहितोय ते उजवा पाय उपड्या बादलीवर ठेवून. बसवत नाही गं. तूच म्हणायचीस ना, ह्याच्या पायाला भिंगरी आहे म्हणून. मानखुर्दला कुरियर केलं, जोगेश्वरीत केकच्या दुकानात राहिलो, मग अंधेरीच्या एका डेकोरेटरकडे लग्नाची स्टेजं उभारायला लागलो. तिथे मात्र टिकलो, कारण रोज नवा हॉल आणि रोज नवं जेवण. मुलुंडच्या लग्नात फणसाची भाजी होती, तुझ्या हातची नाही पण... जाऊ दे, सांगायचं वेगळंच आहे. त्याच हॉलमध्ये स्टेजचा लोखंडी खांब निसटून पायावर आला. बोटं चेचली. डॉक्टर म्हणतात, शिडीवर चढायचं आता विसर.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण विचारते, "कसं लागलं?" आणि माझ्या तोंडातून येतं, "बाईक स्लिप झाली." तिने तसंच लिहिलं. माझ्याकडे बाईक आहे कुठे? पण आमच्या लाईनीत असंच सांगतात. कामावर लागलं म्हटलं की पोलीस येतात, शेठचं हॉलमधलं काम जातं, आणि पुढच्या लग्नाला आपल्याला कोणी फोन करत नाही. तू नाही का विळी सांगितलीस? घाटकोपरच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या डब्यांच्या साच्यात तुझं बोट सापडलं होतं, आणि तू डॉक्टरला म्हणालीस, विळी लागली. मी "आई, पण मशीन..." म्हणायला गेलो, तर चांगल्या हाताने असा चिमटा काढलास! बाहेर येऊन म्हणालीस, "गप रव. शेठ बरो माणूस आसा." दिवाळीला बऱ्या माणसाने कुकर पाठवला. शेजारणी किती दिवस चिडवायच्या, "विळीवर बसलीवतीस की झोपलीवतीस गं?" आणि तू त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचीस.

परवा घाटकोपरलाच एका वकीलबाईंकडे गेलो, त्या कामगारांच्या केसेस बघतात. खांबाचं दुसरं टोक ज्याने धरलं होतं, त्या मित्राच्या खांद्यावर हात टाकून गेलो. माझे प्रश्न सुरू झाले ते थांबेचनात. माझाच हात घामाने निसटला, मग चूक माझी ना? "चूक झाली म्हणून हक्क जात नाही. प्यायला होतास?" नाही. मी पक्का नाही, रोजावर आहे. "तरी चालतं." शेठ म्हणतो हॉलवाल्याकडे जा, हॉलवाला म्हणतो शेठकडे. "दोघांनाही नोटीस पाठवू." उशीर तर नाही ना झाला? "दोन वर्षं मिळतात, पण तू थांबू नकोस." मला वाटलं, झकास. मग त्यांनी हॉस्पिटलचा कागद उघडला.

"हे काय रे? बाईक?"

मित्र म्हणाला, "मॅडम, आमच्यात तसंच बोलतात ना."

"मग त्यांच्या वकिलाला एवढंच पुरे आहे. कोणी सांगायला लावलं तुला? शेठने?"

हो म्हणालो असतो तर काम सोपं झालं असतं. पण मी हॉस्पिटलमध्ये होतो तेव्हा शेठ मुलुंडलाच होता, दुसरा खांब उभा करून घेत होता. "शेठने नाही," मी म्हणालो, "आईने."

त्यांचं पेन थांबलं. "कुठे असतात त्या?"

"नाहीत आता."

त्या मग मित्राकडे वळल्या, "आणि तू? बघितलंस ते सांगशील?" तो अजून त्याच शेठकडे कामाला आहे. "वाट लागेल यार माझी," मला म्हणाला. आणि मग बाईंना, "लिहा. दुसरं टोक मी धरलं होतं."

सोमवारी दोघांचे जबाब आहेत. पुढे काय होईल ठाऊक नाही. पण आई, त्या खुर्चीत बसून "आईने" म्हणालो ना, तेव्हा मला तुझा राग आला. खरंच आला, अजून आहे. हे तुझ्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तू अर्ध्यावरच वाचायचं सोडून विचारलं असतंस, "पाय दुखता काय रे?" आणि मग मला रागावता आलं नसतं.