तोंडातली शिट्टी

३ फेब्रु. ८३, गुरु. उदगीर
शाळेतून येताना महानंदाकडे गेले. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. अजून पाच आठवडे, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. 'मग बघू' म्हणजे काय, ते विचारायची हिंमत झाली नाही. तिच्या आईने चहा केला, बशीत बिस्किटं. पी.टी.च्या बाई आल्या म्हणून!
त्यांना कुणालाच माहीत नाही. मागच्या सामन्यात पंच मीच होते, कैची मला दिसली होती. चढाई महानंदाची. पलीकडच्या पोरीने स्वतःच्या दोन्ही पायांच्या मधे तिचा गुडघा आवळला. सरळ फाऊल. शिट्टी माझ्या ओठांत. पण महानंदाचा दम चालूच होता, कबड्डी कबड्डी, आणि मी थांबले. दम तुटला की वाजवू, चाललेला खेळ कशाला तोडायचा. दम तुटला तो किंकाळीनेच.
अहवालात मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या पंचप्रमुखांनी, 'अपघात' लिहिलं. खाली सही माझी.

५ फेब्रु., शनि.
पंचांची बैठक. नवा जिल्हा झाल्यापासून लातूरच्या मुलींचा स्वतःचा संघ पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला जाणार. निवड सामना रवि. १३ ला, आमच्याच शाळेच्या मैदानावर. पंच मी.
मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, ऊठसूट शिट्टी नका मारू. पोरी हायत म्हणून जपत बसलात तर राज्याला गेल्यावर लोळवतील त्यान्ला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. कमाल आहे माझी!
खरं तर शिट्टीखोर पंच मलाही कधी आवडले नाहीत. मी खेळत होते तेव्हा अशा एका सरांना आम्ही 'कुकर' म्हणायचो.

८ फेब्रु., मंगळ.
मैदान पाहून आले. दरवर्षी सामन्याआधी चार दिवस पाणी मारून माती मऊ करतो. यंदा प्यायलाच तिसऱ्या दिवशी येतंय, मैदानाला कोण देणार. कुदळ मारून बघितली, ठण्ण वाजली. या जमिनीवर एखादा गुडघा... नको.
सरांना म्हटलं, सामना पुढे ढकला. "कुठवर ढकलू? पाऊस पडंस्तोवर?" बरोबरच आहे. नावं १५ ला पाठवायचीत.

१० फेब्रु., गुरु.
महानंदाचे वडील, अप्पा, मोंढ्यातलं दुकान सोडून शाळेत आले. धाकटी गिरिजा निवडीत आहे. वाटलं, नाव काढायला आले. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू.
पण म्हणाले, "तिची आई न्हाईच म्हणून राहिली. मी म्हणलं, बाई पंच असतील तर पाठवितो. दुसरं कुणी असंल तर न्हाई."
मी "बरं" म्हणाले. घरी पोळी तव्यावर जळली.
वाजवली तर सर पुन्हा पंच म्हणून उभं करणार नाहीत. नाही वाजवली तर गिरिजाचा पाय. दोन्हीची भीती वाटते. जास्त कशाची, हे ठरवता येत नाही याची सगळ्यात जास्त.

१२ फेब्रु., शनि.
सांगून टाकायचं म्हणून गेले. अप्पा दुकानात, महानंदा एकटीच होती. तिलाच सांगितलं. कैची दिसली होती, वाजवली नाही.
ती प्लास्टरवर नखाने रेघा ओढत होती. "ठावं हाय, बाई. मी तुमच्याकडंच बघत व्हते. शिट्टी तुमच्या तोंडात व्हती."
"अप्पांना का नाही सांगितलंस?"
"सांगितलं की. त्याच दिवशी. म्हणून तर तुम्हीच पायजे म्हणून राहिले. दुसरा पंच म्हणंल चालतंय. तुम्ही तसं न्हाई म्हणणार आता."
रडू आवरलं नाही. तिने उशाजवळचा तांब्या पुढे केला. पाणीटंचाईचे दिवस, दोनच घोट घेतले.
म्हणजे तो चहा, ती बिस्किटं, सगळं माहीत असून.

१३ फेब्रु., रवि.
सामना चारला. मैदानावर लाकडाचा भुसा पसरलाय, निम्मा वाऱ्याने उडाला. सर जवळ येऊन हळूच, "बाई, ध्यानात हाय ना?" मान डोलावली नाही.
पहिली चढाई गिरिजाची. अप्पा रेषेजवळ बसलेत. शेजारी महानंदा, पाय स्टुलावर. सगळे मैदानाकडे बघताहेत, ती माझ्याकडे.
शिट्टी ओठांना लावून पाहिली. तोंड इतकं कोरडं पडलंय की वाजेल की नाही, कळत नाही. पावणेचार झाले. वही पिशवीत टाकते.