फडकं बांधलेलं घड्याळ

भुईगाव,
१६ एप्रिल १९५२

तीर्थरूप मामांस,

हरेश्वरचा साष्टांग नमस्कार. (आपण तो घेणार नाही हे ठाऊक आहे, दाराबाहेर ठेवला आहे असं समजावं.) आपला गुडघा कसा आहे? मामींचा माझ्यावरचा राग उतरला नसेल, तर त्यांना माझा नमस्कार आज सांगू नये.

शुक्रवारी डहाणूला मुलगी बघायला मी वेळेवर का आलो नाही, याचं कारण आपण कार्डावर 'गाढवपणा' असं लिहिलं आहे. ते बरोबरच आहे, पण त्यात थोडा तपशील आहे. माझ्या शाळेतली पहिलीची पोरं बहुतेक ख्रिस्ती. त्यांच्या घरी घड्याळ नाही आणि त्यावाचून अडतही नाही. चर्चची घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. त्यांना काटे शिकवता शिकवता माझे केस पिकले. (तास दाखवण्याचा मान धाकट्या काट्याला का, हा अन्याय त्यांना पटत नाही.) शेवटी वैतागून मी भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं, की हे आपल्या शाळेचं छोटं चर्च समजा. आत घंटा आहे, वेळ झाली की वाजते, आपण मोजायची. पोरांना चटकन कळलं. मामा, एवढ्या नोकरीत माझं बोलणं कुणाला इतकं लवकर कळलेलं नाही. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

आता ईस्टरच्या आधी यांच्याकडे असा रिवाज, की गुरुवारी चर्चच्या घंटा गप्प होतात त्या शनिवारपर्यंत. प्रार्थनेला बोलवायचं तर लाकडी फळ्या खटखटवतात. हे मला माहीत होतं. पण शाळेचं घड्याळही आता चर्च झालंय, हे मी विसरलो आणि पोरं विसरली नाहीत. गुरुवारी मी दाढी करायला न्हाव्याकडे गेलो असताना (मुलगी बघायची म्हणून, एरवी कोण जातो) थेरेसा नावाच्या चिमुरडीने बाकावर बाक चढवून घड्याळाच्या हातोडीला फडकं गुंडाळलं. तेही फळा पुसायचं.

मी शाळेतल्याच खोलीत झोपतो आणि टोल्यांवर उठतो. ते चुकले तर पहाटेची चर्चची घंटा आहेच. शुक्रवारी दोन्ही गप्प. जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर होतं आणि गाडी बहुधा पालघरच्या पुढे. टांगेवाला जेम्स घोडा सोडून चर्चमध्ये गेलेला, म्हणून स्टेशनपर्यंत पायपीट. डहाणूला पोचलो तेव्हा पोहे संपले होते, आपण उठून गेला होतात आणि मुलीचे वडील ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली. आपल्या घराकडे वळायचं मला धाडस झालं नाही.

थेरेसाला जाब विचारला, तर म्हणाली, "देव मेलाय ना, गुरुजी. मंग शनवारपातूर घंटा कशी वाजवायची?" शनिवारी तिनेच येऊन फडकं सोडलं होतं. अगदी वेळेवर.

पस्तिशी उलटली, मामा. संध्याकाळी पोरं घरी गेली की शाळेत घड्याळाची टकटक तेवढी उरते आणि ती ऐकत एकट्यानं भात खाववत नाही. फार वाईट वाटतं. यापुढे माझ्यासाठी स्थळ बघणार नाही असं आपण लिहिलंत, त्यावर मला बोलायला तोंड नाही.

आपला आज्ञाधारक (शुक्रवार सोडून),
हरेश्वर

ता. क. – मामींसाठी सुकेळी (इकडची वाळवलेली केळी) पाठवत आहे. कुणी पाठवली ते खाऊन झाल्यावर सांगावं.

आणखी ता. क. – एक राहिलं. मी फडक्याची गोष्ट सांगत होतो तेव्हा आतल्या खोलीतून कुणीतरी हसलं. आधी मोठ्यांदा, मग तोंडाला पदर लावल्यासारखं. ती मुलगी होती की मुलीची आत्या, एवढं चौकशी करून कळवावं. मुलगी असेल तर मी आदल्या दिवशीच येऊन आपल्या ओटीवर झोपेन. आत्या असेल तर उलट टपाली उत्तराची घाई नाही.